सासूबाईंचा कान आणि ट्रकचं रडणं

...नाही हो, मिस्त्रीला मी दोष देतच नाही! देवमाणूस आहे. गाडीतलं त्याला काही कळत नाही, एवढंच! पण दुखणं कुठे आहे हे तेव्हाच सांगणारं एक माणूस होतं की माझ्या शेजारी... ऐकतो कोण!

तुम्हाला सांगतो, माझा एकच ट्रक, घर त्याच्यावर चालतं. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला येणार म्हणून त्यांचं सामान आणायला गेलो. मागे कपाट, पलंग, शिलाई मशीन, आणि पुढे माझ्या शेजारी सासूबाई, मांडीवर घड्याळ घेऊन... भिंतीवरचं! निघालो आणि मागून सुरू, ऊंऽऽऊंऽऽ! मी म्हटलं, रस्ता खराब आहे. तर म्हणतात कशा, "जावईबापू, तुम्ही पाय दाबला की ही रडते, उचलला की गप्प बसते. आतल्या चाकांच्या दात्यांचं दुखणं आहे." बाईंनी तीस वर्षं सूतगिरणीत यंत्रांपाशी काढलेली. मी हसलो. म्हटलं, आई, ते सूत होतं, हा ट्रक आहे! म्हणजे ऐकतो कोण!

मिस्त्रीकडे नेला. त्यानं टायरवर लाथ मारली, डोळे मिटले, "चाकाचं बेअरिंग!" का? तर त्याला तसं वाटलं! दोन्ही बाजूंची बदलली. उरलेलं सामान आणायला पुन्हा आम्ही दोघं, पुन्हा ऊंऽऽ, आणि ऐन चढावर... खाडकन्! मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी भोपळा असतो ना, डिफरन्शिअल, त्यात काहीतरी तुटलं. इंजिन ओरडतंय, चाकं हलत नाहीत, गाडी मागे सरकायला लागली! मी ब्रेकवर अक्षरशः उभा, घामानं चिंब, अन् पासष्ट वर्षांची बाई खाली उतरून चाकामागे दगड लावतेय! वर येऊन पदर झटकला नि म्हणाल्या, "रस्ता खराब आहे, नाही का?"

मी उतरलो अन् दुसऱ्या चाकामागेही दगड लावला.

ओढून नेली. भोपळा उघडला, तर ऑइलमध्ये चांदीच चांदी, सगळा लोखंडाचा चुरा! क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चाक, आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन, दोघांचे दात पार झिजलेले, पिनियनचे दोन तर गायब. मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "मला पहिल्यापासून शंका होतीच." पहिल्यापासून! मग बेअरिंग काय हौस म्हणून बदलली?

नवी जोडी आणली, बसवली. कशी? अंदाजानं! "हाताला कळतं आपल्या." फेरी मारली... ऊंऽऽ! सासूबाई शेजारीच. "आधी पाय दाबल्यावर रडायची, आता उचलल्यावर रडते. दाते नीट भिडलेले नाहीत. उघडायला सांगा."

मिस्त्री उसळला. "मावशी, जन्म गेला या धंद्यात हात काळे करण्यात!"

"हात झाले ना काळे? आता डोळे उघड. दात्यांना रंग लाव, फिरव, ठसा कुठे उमटतो ते दाखव मला."

ऐकतो कोण, असं वाटलं मला. पण या स्टूल ओढून तिथेच बसल्या! दुपार गेली, चहा गेला, मिस्त्रीचा आवाजही गेला. शेवटी रंग लावला. ठसा पार दातांच्या टोकाशी! कागदाइतक्या पातळ पट्ट्या, शिम म्हणतात त्यांना, एक घाल, एक काढ, पुन्हा रंग, पुन्हा ठसा. चौथ्या खेपेला बरोब्बर मधोमध. सासूबाई म्हणाल्या, "हं." इतक्या वर्षांत तिथे कुणी मिस्त्रीला शाबासकीचं नुसतं "हं"सुद्धा म्हटलं नव्हतं. बिचारा लाजला हो!

आता ट्रक असा धावतो, की इंजिन चालू आहे ना म्हणून मी दोनदा बघतो. छान ना? छानच! मध्यंतरी मिस्त्रीचा फोन. मला वाटलं, माफी मागतोय. तर म्हणे, "मावशींना द्या जरा. एक गाडी आलीय, मागून रडतेय, ऐकून जातात का विचारा." सासूबाई पाच मिनिटांत चपला घालून तयार. आता मंगळवारी अन् शुक्रवारी त्यांना गॅरेजात स्टूल ठरलेलं आहे... आणि त्यांच्या शेजारी चहा धरून उभं राहायला, जावई!