अर्ध्या तासाचा फोटो

फोटो स्टुडिओच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्कर जोडपं होतं. वाळवंटातल्या मुक्कामाचे फोटो न्यायला आलं होतं. काउंटरवरच्या स्टुडिओवाल्याने फोटोंचं पाकीट त्यांच्या हाती दिलं.

"अहो, या चांदण्यांच्या फोटोत मी कुठे आहे?"

"तू तंबूत असशील."

"छे, सारखी तुमच्यासमोरच तर होते."

"मग मी एकटाच कसा आलो? काय हो, फोटो धुताना हिला पुसलंत की काय?"

"नाही काका. चांदण्यांसाठी कॅमेरा अर्धा तास उघडा ठेवला होता ना? तेवढ्या वेळात जो हलतो, तो अंधारात उमटतच नाही. तुम्ही खुर्चीत बसून असाल."

"जरा डोळा लागला होता."

"आणि काकू?"

"मी तंबूच्या दोऱ्या ताणल्या, भांडी आवरली. त्याआधी यांच्या अंगावर शाल घातली."

"अगं, शाल तर आलीय. मग शाल घालणारी कशी नाही? माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

"राहू दे. भाऊ, आमचा घरचा अल्बम आणला तर बघाल का? त्यातही मी कुठे नाही, आणि ते फोटो तर भर उजेडात काढलेत."