अर्धी दाढी

—मान वर. हां, अशी. फेस गार लागला? लागणारच, पाणी निवलंय. तर आमच्या मुलानं धाडलं तुम्हाला, दुकान विकत घ्यायच्या आधी बघून या म्हणून. बघा की! पण या खुर्चीत बसून बघायचं तर दाढी करून घ्यावी लागते, नियम आहे आमचा. कधीपासून? आत्तापासून.

बोलू नका, वस्तरा आहे. मी बोलतो. आमच्या नातीची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. सराव कुणाबरोबर करणार? संध्याकाळी घरात रिकामा मीच. ती विचारायची, आजोबा, चहा की कॉफी? नुसतं 'चहा' म्हटलं की शून्य मार्क. म्हणायचं कसं—आय वुड प्रिफर टी, प्लीज. आठ दिवस घोकून घेतलं पोरीनं. शाळेचं तोंड न पाहिलेला मी, पण जीभ वळली! आणि गंमत ऐका—दोन वर्षं सूनबाईंना सांगतोय, चहात साखर घाला. ऐकूच जात नाही. त्या दिवशी पाहुण्यांदेखत म्हटलं, आय वुड प्रिफर शुगर, प्लीज. दोन चमचे पडले, मुकाट! मग काय, चटकच लागली—खिडकी, पंखा, उशी, सगळं प्रिफर.

हसू नका, गाल हलतो.

पन्नास वर्षं इथं प्रत्येक डोक्याला विचारत आलो—कसे हवेत? बारीक की मध्यम? कल्ले ठेवू की उडवू? आणि घरी बायकोला... ती गेल्यावर कपाटात मागं सारलेला डबा सापडला. कॉफीचा. मी चहा पितो म्हणून ती माझ्याबरोबर चहा प्यायची, आणि मी दुकानात आलो की—म्हणजे कधी विचारलंच नाही हो मी. साधं, चहा की कॉफी... जाऊ द्या. फेस गेला डोळ्यात. तुमच्या नव्हे, माझ्या.

तर मुलगा म्हणाला, बाबा, पुरे आता, दुकान देऊन टाकू. विचारलं नाही हं, सांगितलं. घरी बसून मी कुणाला विचारू, कसे हवेत म्हणून? मी म्हटलं, आय वुड प्रिफर नॉट, प्लीज. तो चिडला—सरळ बोला! अरे, सरळ बोललेलं तू कधी ऐकलंस?

झाली एक बाजू. आरशात बघा, गुळगुळीत. दुसरी अजून जंगल. आता तुम्ही सांगा, सावकाश, प्लीज लावून—मुलाला काय कळवणार?

दुकान नको, छोटं आहे? बरं. अंधारं आहे? अगदी खरं. आणि ओल? हो हो, ओलही सांगा.

किती सभ्य माणूस! वळवा मान.