निरंक नावाचा आजार

आदरणीय अध्यक्ष मोठे साहेब, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, खुर्च्या मिळालेल्या आणि न मिळालेल्या माझ्या लेकीसुनांनो, आणि ज्यांच्या बदलीपायी आज जमलो त्या आमच्या दवाखान्याच्या सिस्टर,

मला दोन मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात माझा चष्मासुद्धा सापडत नाही. तरी बोलते.

मी शिकले दुसरीपर्यंत. अक्षरं अडखळत येतात, आकडे मात्र पळत येतात. तर झालं काय, मागच्या वर्षी दर गुरुवारची डॉक्टरीणबाई यायची बंद झाली. का, तर वरून उत्तर आलं, तुमच्या भागात आजारी बायकाच नाहीत. ऐकून बरं वाटलं हो. पण माझी सून जिना चढताना भिंत धरायची, ती काय भिंतीवर जीव जडला म्हणून?

नातीने मोबाइलवर सरकारी तक्ता उघडून दिला. एकेका भागाचं नाव, पुढे रक्त कमी असलेल्या बायकांचा आकडा. आमच्यापुढे आकडा नव्हताच, शब्द होता. निरंक. मला वाटलं, नवा आजार आला. तशीच दवाखान्यात गेले. "सिस्टर, हे निरंक कशाने बरं होतं?"

सिस्टर हसता हसता स्टुलावर बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आजी, ते मोजल्याने बरं होतं. वरती कागद गेला नाही, की तिथे निरंक लिहून टाकतात."

बघा म्हणजे. न मोजलेली बाई ठणठणीत धरतात.

मग आम्ही दोघी दारोदार. त्यांच्या हातात बोट टोचायचं यंत्र, माझ्या हातात वही. माझ्या एक विहीणबाई, त्या काय समोरच बसल्यात, म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला काही नाही." म्हटलं, "मग बोट पुढे करा." करतात कशाला! पण त्यांच्या सुनेने मागून हात काढला. साडेसात. हवं असतं बारा. विहीणबाईंनी मग मुकाट्याने आपलंही बोट दिलं.

चारशे बारा बायका मोजल्या. दोनशे एकोणनव्वद जणींचं रक्त कमी. तक्त्यात आकडा चढला आणि डॉक्टरीणबाई गुरुवारी पुन्हा हजर. माझी सून आता जिना चढता चढता माझ्याशी भांडते.

आणि सिस्टरची बदली. नियमाप्रमाणे आहे म्हणे. मघाशी चहा घेताना साहेब मला हळूच म्हणाले, "आजी, यांच्यामुळे आपला भाग यादीत तळाला गेला." साहेब, भाग तळालाच होता. यांनी तो दाखवला. राग दाखवणाऱ्यावर कशाला?

सिस्टर गेल्या की रकाना रिकामा राहील आणि गुरुवार पुन्हा बंद होईल, असं कुणाच्या मनात असेल तर आत्ताच काढून टाका. वही भरायला त्यांनी आम्हा बाराजणींना शिकवलंय. नव्या सिस्टर टोचतील, आम्ही लिहू आणि कागद वर पोचवू. आज सात तारीख, कागद वर पाठवायची शेवटची. हा या महिन्याचा कागद, साहेब. पोच द्या. शिक्का जवळ नसेल तर सही चालेल. मी उभी आहे.

सिस्टर, आभार मानले तर तुम्ही रागवाल, तरी मानते. तुम्हा सगळ्यांचेही मानते, दोन मिनिटांची दहा केली तरी कुणी खाकरलं नाही. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आकड्यात चुकलं असेल तर मात्र पोटात घालू नका. सांगा, पुन्हा मोजू.