चवळीखाऊ

नाही, मला सांगा, माझ्या ताटात चवळी पाहिलीय कधी कोणी? मी ओहायोचा, आमच्याकडे मका! पण आमच्या बँडमधला फुसेनी जारा, मूळ मालीचा, भोपळ्याची न्गोनी, म्हणजे त्यांच्याकडची वीणाच, वाजवायचा... ब्रॉन्क्सच्या तळघरात पहिल्याच तालमीला माझी गिटार ऐकून म्हणतो, "वेन्डेल, आजपासून तुझं आडनाव त्राओरे." म्हटलं, वा, केवढा मान! कसला मान? जारांनी त्राओरेंची टिंगल करायची, त्राओरेंनी जारांची, रागवायचं कोणीच नाही, ही त्यांच्याकडची पिढीजात रीत! आणि दोघांची ठरलेली शिवी एकच, "या, चवळीखाऊ!" झालं सुरू. तुम्हाला सांगतो, मी चवळी खात नाही हो!

वीस वर्षं! मी आपला रॉक झोडतोय, एक-दोन-तीन-चार, हा मधेच तिरका घुसणार, मी ओरडणार, "अरे, सम कुठाय?" तर म्हणे, "चवळीच्या हंड्यात!" बरं, स्टेजवर डोळे मिटून त्याच्या बांबारा भाषेत असं आळवायचा की एक बाई रडायलाच लागल्या, "किती प्राचीन प्रार्थना!" कसली प्रार्थना, बाई? 'वेन्डेलनं चवळी खाल्ली, वेन्डेलला वारा सरला!' ...आणि मी मागे कोरस देतोय!

आणि परवा गेला हो. तालमीला निघाला, जिन्यातच बसला... संपलं.

घरी गेलो तर नुसता आक्रोश. मी कोपऱ्यात उभा, तेवढ्यात त्याचे मामा, "त्राओरे आला! चल, मयताची टिंगल कर." म्हटलं, मामा, नाही जमणार. "जमणार नाही? मग जाराला हसवून वाटेला कोण लावणार? हे त्राओरेचंच काम. का तू नुसता पाहुणा?" आणि आसितांवहिनी, त्याची बायको, सुजल्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघतेय... नुसता पाहुणा? वीस वर्षं चवळीखाऊ म्हणवून घेतलं, ते काय पाहुणा म्हणून?

पुढे झालो आणि ओरडलो, "ए चवळीखाऊ! ऊठ! तालीम बुडवायला मरायची काय गरज होती रे? आळशी कुठला! आणि जन्मात एकदा समेवर आलास, तोही थांबायला?"

आणि वहिनी हसली हो! हसता हसता फुटली, मग माझाही बांध फुटला.

नंतर तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं. चवळी! "भावजी, हे म्हणायचे, एक ना एक दिवस खाईल." खाल्ली. ताट चाटूनपुसून खाल्ली. तुम्हाला सांगतो, चांगली होती... आता खुशाल म्हणा मला चवळीखाऊ. पण म्हणणार कोण?