रुमाल नंबर सात

आनंदीबाई: जुनी गोधडी उसवलीस आणि शिवली नाहीस, असं कसं गं? इंदूचे दिवस भरत आलेत. मुंबईत गाठीचा ताप पसरलाय म्हणून दोन महिने आधीच आणून ठेवलं तिला. आता बाळंतिणीच्या खोलीत काय अंथरू मी?

सोनुबाई: दुसरी आनलीय, वयनीबाय. ही बघा. कालच टाके संपवले.

आनंदीबाई: ही नको गं. तीच हवी. इंदूचा पहिला त्या गोधडीत वाढला. दहा वर्षं झाली, पण अजून थंडी म्हणून शिरत नाही तिच्यात. काय घातलं होतंस मधे?

सोनुबाई: तुमाला ठाव नाय?

आनंदीबाई: जुना पडदा होता ना कसलासा, विलायती लोकरीचा? मी कधी बघितला नाही. यांनीच परस्पर दिला होता तुझ्याकडे.

सोनुबाई: मग त्यांनाच इचारू. हायत ना घरात?

आनंदीबाई: आहेत, पण कामात आहेत. राणीच्या राज्याला जूनमध्ये साठ वर्षं होतात ना, कचेरीवर नवा झेंडा चढायचाय. कलेक्टरसाहेब अलिबागेहून येणार आणि त्यांच्या हातून यांना मानपत्र. तीस वर्षांच्या बिनचूक नोकरीबद्दल! घरात दुसरा विषय नाही. अहो, ऐकलंत का? कशेळ्याकडची, सावरपाड्याची सोनू आलीय.

(सोनुबाई उन्हातून चार कोस चालत दहिवलीला आली होती. इतकी वर्षं ती या घरच्या गोधड्या शिवत होती, पण ओटीच्या खालच्या पायरीच्या वर कधी बसली नव्हती. आज ती सरळ ओटीवर बसली. लुगड्याच्या ओच्यात एक सरकारी कागद घडी करून खोचलेला होता आणि दर थोड्या वेळानं ती त्याला हात लावून बघत होती. कचेरीचे अव्वल कारकून आबाजीराव बाहेर आले तेव्हा ती उठून उभी राहिली नाही. हे तिचं तिलाच फार गोड लागलं.)

आबाजीराव: काय गं सोने, एवढ्या उन्हाची? काय काम काढलंस?

सोनुबाई: आमच्या चावडीवर शाळेच्या मास्तरांनी सरकारी हुकूम वाचला. झेंड्याचा. मला नीट उमगला नाय. म्हनलं, तुमी त्यातले जानते.

आबाजीराव: तो हुकूम मराठीत मीच उतरवलाय. सोपा तर आहे. सूर्य उगवल्यावर चढवायचा, मावळायच्या आत उतरवायचा. जमिनीला टेकता कामा नये. ओला असताना घडी घालायची नाही.

सोनुबाई: आनि जुना झाला, इटला, तर?

आबाजीराव: तर त्याचं फडकं करायचं नाही, गाठोडं बांधायचं नाही, अंथरायला-पांघरायला घ्यायचा नाही. दोन पंचांसमक्ष आदरानं अग्नी द्यायचा. त्याचा पंचनामा करायचा आणि दप्तरात ठेवायचा.

सोनुबाई: हा नियम आत्ता निघाला?

आबाजीराव: छे! आमच्या कचेरीत पहिल्यापासून हाच. माझ्या हातून तरी त्यात कधी कसूर झालेली नाही.

सोनुबाई: आनि जुने कागद? त्यांनाबी अग्नी?

आबाजीराव: सगळ्यांना कसा देऊन चालेल? कागदांचे चार वर्ग आहेत. सनदा, गावांच्या हद्दी, गावांचे हक्क, हे पहिल्या वर्गात. ते कायम ठेवायचे. लाल खारव्याच्या कापडात बांधून, निंबाचा पाला घालून. त्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणतो. चौथ्या वर्गातले किरकोळ. मुदत संपली की यादी करून जाळायचे. पण तुला गं कशाला या नसत्या उठाठेवी?

सोनुबाई: एक कागद वाचून दावा. मला अक्षर येत नाय.

आबाजीराव: आण इकडे. हं. नक्कल दिसतेय. "सन अठराशे सत्त्याऐंशी, माहे फेब्रुवारी..." हे तुझ्याकडे कुठून आलं?

सोनुबाई: रीतसर अर्ज केला. मास्तरांच्या नावानं. खाली सही कोनाची हाय?

आबाजीराव: माझी.

सोनुबाई: "अस्सलबरहुकूम नक्कल" म्हनून गेल्या म्हयन्यात तुमीच सही केलीत. वाचलं नाय वाटतं?

आबाजीराव: दिवसाला चाळीस नकला येतात पुढ्यात. कुणाकुणाची वाचत बसू?

आनंदीबाई: अहो, काय लिहिलंय त्यात? चेहरा का उतरला तुमचा?

आबाजीराव: काही नाही. जुना पंचनामा आहे.

सोनुबाई: मोठ्यानं वाचा. नायतर मास्तरांकडून ऐकून पाठ केलाय मी, मी म्हनते.

आबाजीराव: "बाब पहिली. कचेरीवरील जुना झेंडा एक, जीर्ण झाल्याने पंचांसमक्ष जाळिला. बाब दुसरी. रुमाल नंबर सात, मौजे सावरपाडा, किरकोळ कागद, वर्ग चौथा, सदरहू जागी सदरहू वेळी जाळिला."

सोनुबाई: वयनीबाय, तुमचा इलायती पडदा लाल-निळा व्हता. मधी पांढरे पट्टे.

आनंदीबाई: अगं बाई! अहो, बाळाच्या अंगाखाली तुम्ही सरकारचा झेंडा घातलात?

आबाजीराव: लोकर फार उत्तम होती. माघातली थंडी, इंदूचं पहिलं बाळंतपण, आणि असलं कापड आगीत घालायचं? जिवावर आलं माझ्या. कुणाचं काय बिघडलं त्यानं?

सोनुबाई: झेंड्यानं कुनाचं काय बिघडलं नाय. शिवताना मलाबी ती लोकर बरी वाटली. पन एका कागदावर, एका सहीखाली, दोन वस्तू जाळल्या म्हनून लिवलंत. त्यातली एक तर माझ्या हातात हाय. मग दुसरीची गोष्ट कोन खरी मानील?

आबाजीराव: गोधडीतलं फडकं कचेरीचाच झेंडा कशावरून? बाजारात लाल-निळं कापड मिळत नाही होय?

सोनुबाई: कोपऱ्याला कचेरीचा काळा शिक्का हाय.

आबाजीराव: तो कोपरा कापून टाक म्हणून तुला बजावलं होतं मी!

सोनुबाई: बजावलं व्हतं. मी दुमडून आत शिवला.

आबाजीराव: सोने, तोंड सांभाळून बोल. कुणाशी बोलतेस? चोराची बायको तू, तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

सोनुबाई: हां! याचीच वाट बघत बसले व्हते. वयनीबाय, तुमच्या धन्याला इचारा, माझा नवरा चोर कसा झाला?

आनंदीबाई: गोमा ना? जंगलातली लाकडं तोडली म्हणून धरला होता. असंच कानावर आलं होतं तेव्हा.

सोनुबाई: लाकडं नाय. टहाळ. राबासाठी. फांद्या नि पाला शेतात जाळल्याबिगर आमच्या भाताचं रोप उगवत नाय. आमच्या टेकडीवरची टहाळ तोडायची परवानगी सावरपाड्याला आज्याच्या आज्यापासनं व्हती, लिवलेली व्हती, शिक्क्याची. जंगलवाल्यांनी धरलं तवा गोमा म्हनाला, कागद कचेरीत हाय, काढून बघा. कोर्टानं कचेरीला इचारलं. दप्तर यांच्या ताब्यात, म्हनून साक्षीला हे आले. शपथ घेतली. आनि काय बोलले?

आनंदीबाई: काय बोललात?

आबाजीराव: इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय!

सोनुबाई: मला आठवतंय. मी दारात व्हते, शिपायानं आत सोडलं नाय. तरी ऐकू आलं. "असा कागद दप्तरात कधीच नव्हता." सहा म्हयने दिले त्याला. चौथ्या म्हयन्यात हगवनीनं तुरुंगात मेला. मढं बी नाय दिलं. त्याची आई अजून जिती हाय, पन पोराचं नाव तोंडातून काढत नाय. चोर म्हनून.

आनंदीबाई: अहो, मी विचारतेय. होता का कागद?

आबाजीराव: तू आत जा बघू.

आनंदीबाई: होता का?

आबाजीराव: होता. रुमाल सातमध्ये. पहिल्या वर्गाचा. शहाऐंशीच्या पावसाळ्यात पाण्यानं भिंत ओली झाली. त्या भिंतीकडचा गठ्ठा मी चार महिने हलवला नाही. सोडायला गेलो तर हातात माती. सगळी वाळवी. मामलेदारसाहेब नवे, फार कडक. पहिल्या वर्गाचा रुमाल गेला म्हणजे नोकरी गेली. झेंडा जाळायचाच होता, त्याच पंचनाम्यात रुमाल घुसडला. पंचांनी राखेचा ढीग बघितला आणि सह्या केल्या. राख रद्दीची होती. वर्षानं कोर्टाचं बोलावणं आलं. कागद होता म्हटलं असतं तर, मग कुठे गेला, हे विचारलंच असतं ना?

आनंदीबाई: म्हणून माणूस तुरुंगात घातलात?

आबाजीराव: मला काय ठाऊक तो मरेल? मला वाटलं, दंड होईल, सुटेल.

सोनुबाई: पंचनाम्याच्या वर्साची गोष्ट सांगू? गोधडी तयार झाली तवा या घरी कोनी आनली? गोमानं. डोक्यावर घेऊन. तुमी त्याला म्हनलात, "शाबास, अगदी वेळेवर आणलीस." वर्सानं त्याच मानसाला वळखत नाय असं तोंड करून कोर्टात उभे व्हता.

आबाजीराव: हे बघ, सोनुबाई. वर सरकून बस, भिंतीला टेक. झालं ते वाईट झालं, मी कुठे नाही म्हणतो? ती गोधडी घेऊन ये. आत्ता चुलीत घालू. नियमाप्रमाणे जाळायची होती, ती जाळली, असंच होईल. आणि तुला काय हवं ते सांग. तुझ्या मुलाला, सखाला, कचेरीत पट्टेवाला करतो. माझा शब्द.

सोनुबाई: तुमच्या कचेरीत? ज्या दप्तरानं त्याचा बाप खाल्ला, त्याचं दार उघडायला त्यानं उभं ऱ्हायचं?

आबाजीराव: मग हवंय काय तुम्हाला?

सोनुबाई: आता कसं "तुमाला" झालं! लिवून द्या. आत्ता सांगितलंत ते सगळं. कागद व्हता, कशाचा व्हता, कसा गेला, आनि कोर्टात तुमी काय बोललात. मोडीत नको. मास्तर वाचतात त्या बाळबोध अक्षरात.

आबाजीराव: म्हणजे मी स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा कापायचा?

सोनुबाई: नायतर कलेक्टरसायब येतील त्या दिशी, नवा झेंडा वर चढताना, मी जुना घेऊन खाली उभी ऱ्हाते.

आनंदीबाई: मी दौत आणते.

आबाजीराव: तुला आत जा म्हटलं ना!

आनंदीबाई: आतच जातेय. दौत आतच आहे. बोरूही आणते. आणि साक्षीदार लागतो ना असल्या कागदाला? मला माझ्यापुरती सही येते.

आबाजीराव: तुलासुद्धा लाज वाटते माझी?

आनंदीबाई: दहा वर्षं मी त्या गोधडीचं कौतुक करतेय आल्यागेल्यापाशी. लिहा तुम्ही.

सोनुबाई: घाई नाय. अक्षर सुरेख काढा. मानपत्राला काढतात तसं.

आबाजीराव: हं. लिहिलं. ही माझी सही. ही हिची साक्ष. आता शब्दाला जागा, सोनुबाई. झेंडा द्या माझा मला.

सोनुबाई: झेंडा परवा निघाला. सखा घेऊन गेलाय अलिबागला. पंचनाम्याची दुसरी नक्कल बी हाय त्याच्यापाशी. आज पोचला असंल.

आबाजीराव: पोचला? मग मघाशी... दगा! हा उघड दगा आहे! झेंडा आधीच धाडलात, तर हे लिहून कशाला घेतलंत माझ्याकडून?

सोनुबाई: झेंड्यानं तुमची नोकरी जाईल, मानपत्र जाईल. ते मला हवंच व्हतं, खोटं कशाला बोलू? पन गोमा चोर नव्हता, हे झेंड्याला कुठं ठाव हाय? त्याला तुमचाच कागद लागत व्हता.

आबाजीराव: सूड उगवलास.

सोनुबाई: उगवला की. दहा वर्सं तुमच्या घरची शिवन नुसती पोटासाठी केली वाटलं तुमाला? अजून संपला नाय. काय लिवलंय ते वाचा. मला अक्षर येत नाय म्हनलं ना.

आबाजीराव: "...सबब लिहून देतो की, मौजे सावरपाडा येथील राबाच्या तोडीची परवानगी दप्तरी होती. माझ्या हयगयीने ती नष्ट झाली. गोमा बिन पोशा याने कोर्टात सांगितले ते खरे होते. मी सांगितले ते खोटे होते."

सोनुबाई: शेवटलं परत वाचा.

आबाजीराव: ऐकलंत की आत्ता.

सोनुबाई: परत.

आबाजीराव: "गोमा बिन पोशा याने कोर्टात सांगितले ते खरे होते. मी सांगितले ते खोटे होते." झालं समाधान?

सोनुबाई: उभं ऱ्हाऊन वाचा. त्या दिशी तुमी उभे व्हता. आनि याच्यापरीस मोठ्यानं बोलला व्हता, मला दारात ऐकू आलं व्हतं.