दहाव्या मिनिटाला थांबलेलं पाणी

“आमच्या गल्लीचं पाणी तुम्हीच गिळलं, साहेब,” हर्सूलची मंजुळाबाई पाणीपुरवठ्याच्या खिडकीत म्हणाली. “घरात बाळंतीण हाय माझ्या.”

“तुमच्या गल्लीची पाण्याची पाळी चालू असताना लाईट गेली, पंप थांबला, मावशी. आता आठ दिवसांनी.”

एवढं बोलून साहेब शेजारच्या टेबलावरच्या तौफिककडं वळले.

“तर गेम खेळायच्या नव्या कन्सोलमधलं मला काय आवडतं सांगू? मधेच लाईट जाऊ दे.”

“मग गेम पुन्हा पहिल्यापासून, सर?”

“नाही रे. लाईट आली की जिथं थांबला तिथूनच सुरू.”

“क्या बात है सर, लई भारी.”

मंजुळाबाई खिडकीवरून हलली नाही.

“खेळण्यात घातली तेवढी अक्कल तुमच्या कचेरीत कुणी घातली नाय व्हय? आमचं पाणी दहाव्या मिनिटाला थांबलं, साहेब. ते तिथूनच का सुरू होत नाय, सांगा.”