भावाला सांगितलेला हर्निया

हॉस्पिटलच्या बाकड्यावर विनोदिनी फाईल धरून बसली होती. पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोटने व्हायचं होतं. ऑफिसात त्याने मुतखडा सांगितला होता. शेजारी धारगळचे बाबुराव आणि त्यांची बायको रुक्मिणी बोलत होते. रुक्मिणीने विचारलं,

"तुमच्या भावाक तपासून डॉक्टर काय म्हणाले?"

"कॅन्सर हाडांत गेलो. आता रोबोटाचो उपयोग नाय."

"तुमचो रोबोटान वेळेवर काढल्यानी."

"माझो लवकर गावलो."

"आणि गावात हर्निया म्हणून सांगलात."

"मग काय सांगूचां होतां? लघवी थांबणा नाय, आत फडको लावन फिरतंय म्हणान?"

"गावाचां सोडा. गणेशचवथीक तुमच्या जयरामान विचारलां, दादा, लघवीतसून रगत जाता, काय करू. तेव्हा तरी सांगूचां होतां."

"उष्णता असात, म्हटलंय. पाणी पी."

"आता तरी त्याका सांगलात?"

"नाय. त्याका वाटता, त्याचोय हर्नियाच. काल विचारी होतो, दादा, तुझ्यासारखो मीय महिन्याभरात बरो होतलंय मां?"

"मग?"

"होतलंस म्हटलंय."